झेन ग्रेचा समुद्र

झेन ग्रे म्हटले की डोळ्यांसमोर घोडा येतो. लाल कडेकपारी, उन्हाने भाजलेले वाळवंट, कमरेला पिस्तूल लावलेला अबोल नायक आणि पुढच्या पानावर हमखास होणारी चकमक. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा जशा हातोहात जात, तशा अमेरिकेत या माणसाच्या कादंबऱ्या जात. चार कोटींहून अधिक प्रती खपल्या असे सांगतात. त्याच्या कथांवर शंभराहून जास्त चित्रपट निघाले. माझी आणि त्याची ओळख रद्दीच्या दुकानात झाली. कोपरे दुमडलेली, कुणा अनोळखी माणसाची सही असलेली ती पुस्तके मी कॉलेजात असताना आठवड्याला दोन या हिशेबाने संपवली आणि पुढे, अशा वाचनाचे होते तसे, विसरूनही गेलो.

कित्येक वर्षांनी अशाच एका ढिगात त्याचे ‘टेल्स ऑफ फिशेस’ हाती लागले. १९१९ सालचे पुस्तक. त्यात घोडा नव्हता. होते ते निळे पाणी, आणि त्या पाण्यावर एका माशाचा पर दिसावा म्हणून दिवसचे दिवस वाट पाहणारा एक माणूस. हा माणूस वाळवंटातल्या त्या अबोल नायकासारखा मुळीच नव्हता. तो बोलघेवडा होता, हळवा होता, हातातून मासा सुटला की मुलासारखा खट्टू होत होता आणि दुसऱ्याचा मासा मोठा निघाला तर ते त्याच्या मनातून जात नव्हते. मग मी त्याची माशांवरची बाकीची पुस्तके मिळवून वाचली, त्याची चरित्रे वाचली, आणि माझी खात्री झाली की हा माणूस खरा कळतो तो पॅसिफिक महासागरात. वाळवंट त्याने लिहिले. समुद्रावर मात्र तो जगला. आणि त्या जगण्याचे बिल कुणीतरी दुसरेच माणूस भरत होते.

ग्रेचा जन्म ३१ जानेवारी १८७२ चा, ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल गावचा. गाव त्याच्या आईच्या पूर्वजाने, एबेनेझर झेनने वसवलेले. म्हणजे घरात खानदानी अभिमान होता, पण वडील दंतवैद्य आणि अत्यंत कडक. मुलाचे नाव ठेवले पर्ल, म्हणजे मोती. हे नाव अमेरिकेत प्रामुख्याने मुलींचे. त्या नावापायी शाळेत किती मारामाऱ्या झाल्या असतील याची कल्पना आपण करू शकतो. मोठेपणी त्याने ते टाकूनच दिले. पंधराएक वर्षांचा असताना त्याने पहिली गोष्ट लिहिली. वडिलांनी ती फाडली आणि वर मुलाला बडवले. मासे धरायला जाणे हेही वडिलांच्या लेखी उनाडपणाचे लक्षण. गावात एक म्हातारा होता, लोकांनी वाया गेलेला ठरवलेला. दिवसभर नदीवर गळ टाकून बसायचा. त्या म्हाताऱ्याने या मुलाला सांगितले की तू मासे धर आणि लिहीही. ज्या दोन गोष्टींसाठी घरी मार मिळत होता, त्या दोन्हींना पाठिंबा देणारे ते एकच माणूस. पुढचे सारे आयुष्य त्याने या दोन गोष्टींतच घालवले.

मध्ये बेसबॉल आला. वडील कसल्याशा व्यवहारात बुडाले, कुटुंब कोलंबसला गेले, आणि हा मुलगा वडिलांच्या हाताखाली दात उपटू लागला. पण चेंडू फेकण्याची त्याची कला अशी की तिच्या जोरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यकाची शिष्यवृत्ती मिळाली. इथे एक गोष्ट घडली ती मला फार अर्थपूर्ण वाटते. १८९३ साली बेसबॉलचा नियम बदलला. चेंडू टाकणाऱ्याला मागे नेऊन साडेसाठ फुटांवर उभे केले. ग्रेचा चेंडू जिथे वळायचा ती जागाच चुकली आणि एका नियमापायी त्याचे खास शस्त्र बोथट झाले. नियमांशी त्याचे हे पहिले भांडण, शेवटचे नव्हे.

१८९६ साली पदवी घेऊन त्याने न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला. जीव रमेना. सुटी मिळाली की भाऊ रोमर याला घेऊन तो डेलावेअर नदीवर जाई. तिथे लॅकवॅक्सन नावाच्या खेड्याजवळ १९०० सालच्या उन्हाळ्यात त्याला लीना रॉथ भेटली. ती सतरा वर्षांची, तो अठ्ठावीसचा. तिला तो डॉली म्हणू लागला आणि जगही तिला त्याच नावाने ओळखते. १९०२ साली त्याचा पहिला लेख छापून आला, तो याच नदीवरच्या मासेमारीचा. पहिली कादंबरी कुणी घेईना म्हणून १९०३ साली स्वतःच छापवली. १९०५ मध्ये लग्न झाले. डॉलीकडे घरून आलेले थोडे पैसे होते. दवाखाना बंद झाला, ते पैसे वापरात आले, आणि १९०७ साली अॅरिझोनाच्या ज्या प्रवासातून त्याच्या साऱ्या घोड्यांच्या कथा निघाल्या तो प्रवासही त्यातूनच झाला. त्या प्रवासावरचे पुस्तक हार्परच्या संपादकाने परत केले आणि याला लिहिता येईल असे कुठे दिसत नाही, असेही तोंडावर सांगितले. पाच वर्षांनी त्याच हार्परने ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ छापले. मग मागे वळून पाहावे लागले नाही.

डॉली काय करत होती ते नीट सांगितले पाहिजे, कारण चरित्रांत ते बहुधा एका परिच्छेदात उरकतात. ग्रे आरामखुर्चीत बसून मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने लिही. एकटाकी, वेगाने, व्याकरणाची फारशी फिकीर न करता. तो कागद डॉलीकडे जाई. ती वाक्ये सरळ करी, विरामचिन्हे घाली, स्वच्छ प्रत तयार करी. प्रकाशकाशी, मासिकांशी, चित्रपटवाल्यांशी घासाघीस तीच करी. बँक, कर, घर, तीन मुले, सगळे तिच्याकडे. मिळकतीचे दोन समान भाग होत, एक त्याचा, एक तिचा. त्या काळात ही व्यवस्था विरळाच. तो आपला भाग समुद्रात टाकी, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागत नसे.

आता समुद्राकडे येऊ. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून वीस-बावीस मैलांवर कॅटलिना नावाचे डोंगराळ बेट आहे. त्यावर अॅव्हलॉन हे एकच गाव. १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गाभ्यासकाने तिथे १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना (आपला कुपा, पण त्याचा अवाढव्य भाऊबंद) काठी आणि रिळाच्या साहाय्याने धरला. त्याच वर्षी त्याने ट्यूना क्लब काढला. त्याआधी लोक जाड हातदोर टाकून मासे नुसते उपसत होते आणि पुष्कळसे वायाच जात होते. होल्डरने नियम केले. काठी अमुक लांबीची, दोर तागाचा आणि अमुक पदराचाच, मासा धरणाऱ्याने शेवटपर्यंत एकट्याने खेळवायचा, दुसऱ्याने काठीला हात लावला की मासा बाद. नियमाप्रमाणे मोठा मासा धरला तर क्लबचा बिल्ला मिळे. त्या बिल्ल्यासाठी कोट्यधीश लोक उन्हात करपून निघत.

आपल्या हर्णैच्या किंवा वरसोव्याच्या एखाद्या तांडेलाला हे सांगून पाहा. मासा मिळणे कठीण व्हावे म्हणून मुद्दाम बारीक दोर वापरायचा, हे ऐकून तो आपल्याकडे कीव आल्यासारखा पाहील. पण पतंग उडवणाऱ्या पोराला ते लगेच समजेल. चोवीस पदरी ओला दोर फार तर सत्तर-बहात्तर पौंड ताण सोसतो, आणि दुसऱ्या टोकाला चारशे पौंडांचा मासा. ओढून चालतच नाही. ढील द्यायची, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा ढील. रिळाच्या बाजूला चांदणीच्या आकाराची एक कळ असते. तिने दोराला किती अडवायचे ते ठरते. जरा जास्त आवळली की दोर तुटलाच. फिरकी धरणाऱ्या पोराच्या हातात असतो तसाच सारा जीव बोटांत. खरोखरीचे पतंगही तिथे होते, बरे का. ट्यूना बोटीच्या आवाजाने बुजतो. म्हणून अॅव्हलॉनच्या जॉर्ज फार्न्सवर्थ या तांडेलाने युक्ती काढली. पतंग उडवायचा, त्याच्या दोराला आमिषाचा दोर जोडायचा, म्हणजे बोटीपासून लांब, पाण्याच्या पृष्ठभागावर उडता मासा टुणटुण उड्या मारत चालल्याचा भास होतो.

ग्रे १९०६ साली मधुचंद्राच्या प्रवासात कॅटलिनाला पहिल्यांदा आला. पण खरे वेड लागले ते १९१४च्या सुमारास, आणि ते ट्यूनाचे नव्हते. ते होते तलवारमाशाचे. रुंद, चपट्या तलवारीसारखा जबडा असलेला हा मासा काठीने पहिल्यांदा धरला गेला तो १९१३ साली, याच पाण्यात, विल्यम बॉशेन नावाच्या गृहस्थाकडून. तोवर हे शक्य नाही असेच मानत. उन्हाळ्यात समुद्र तेलासारखा शांत असताना हा मासा वर येऊन ऊन खात पडतो. दोन काळे, वाकडे पर तेवढे पाण्याबाहेर दिसतात. बोटीच्या छपरावर बसून डोळे फुटेस्तोवर पाहायचे. पर दिसले की लांबून वळसा घालून आमिष त्याच्या नाकासमोरून न्यायचे. दहांतले नऊ मासे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एखादा पाहतो, बुडी मारतो, तलवारीने आमिषाला तडाखा देतो, आणि मग तो ते तोंडात घेईपर्यंत श्वास रोखून दोर सोडत राहायचे. यानंतर जे सुरू होते ते तासन्तास चालते. पट्ट्यांनी खांदे सोलतात, तळहातांना फोड येतात, आणि शेवटी गळ नुसताच हातात येतो. ग्रे अशा रिकाम्या दिवसांबद्दल जितके मन लावून लिहितो तितके धरलेल्या माशांबद्दलही नाही, आणि तिथेच तो मला आवडतो. (हेच विन्स्टन चर्चिल १९२९ साली कॅटलिनाला आला, बोटीत बसला आणि थोड्याच वेळात मार्लिन धरून परतला. नशीब नावाची गोष्ट समुद्रातही असते.)

१९२० साली अखेर ग्रेने ४१८ पौंडांचा तलवारमासा धरला. आनंद गगनात मावेना. तो त्याने लोकांना सांगितलाही फार. एवढा मासा खेळवायला केवढे शरीर आणि केवढी तयारी लागते, वगैरे. पुढच्याच वर्षी क्लबच्या वर्तुळातल्या एका चणीने लहानखुऱ्या बाईने त्याहून काही पौंड जड तलवारमासा धरून आणला. ग्रेने शंका घेतली की कुणाच्या मदतीशिवाय हे तिला जमलेच नसणार. क्लबने माफी मागायला सांगितले. त्याने माफी मागितली आणि सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

या प्रसंगात त्याची बाजू घेता येत नाही. वडिलांच्या मारामुळे म्हणा, पर्ल या नावामुळे म्हणा, पहिले असणे ही त्याची गरजच होऊन बसली होती आणि एका बाईने त्याला आठ-दहा पौंडांनी मागे टाकले. अॅव्हलॉनला त्याचे लक्ष नसे असे मात्र नाही. १९२६ साली त्याने गावावरच्या टेकडीवर होपी आदिवासींच्या घरांच्या धर्तीवर मोठे घर बांधले, आणि त्याच वर्षी त्याने ५८२ पौंडांचा तलवारमासा धरला. त्या बाईच्या माशाहून पुष्कळच मोठा. पण क्लबचे दार सोडून झाले होते.

आणखी एक गोष्ट त्याच्या खात्यावर लिहायला हवी. कॅटलिनाभोवती मोठमोठी जाळी टाकून डबाबंद माशांच्या कारखान्यांसाठी मासळी उपसली जात होती. हे पाणी एक दिवस रिकामे होईल असे त्याने १९१९ सालीच लिहून ठेवले. दोष देताना त्याने परदेशातून आलेल्या मच्छीमारांवर, विशेषतः जपानी आणि ऑस्ट्रियन लोकांवर, जो राग काढला तो आज वाचवत नाही. ते बिचारे पोटासाठी आले होते. मासळी विकत घेणारे कारखाने तर तिथलेच होते. पण धोका त्याने ओळखला होता. आणि तोच माणूस धक्क्यावर उलट्या टांगलेल्या माशाशेजारी काठी घेऊन उभा राहून फोटो काढून घेत होता. ही विसंगती त्याला जाणवली असावी असे त्याच्या लिहिण्यातून मध्येच वाटते, मग पुढचा पर दिसतो आणि तो सगळे विसरतो.

क्लब सुटला तसा तो दूरच्या पाण्याकडे वळला. १९२४ साली अटलांटिकवर, नोव्हा स्कॉशियात त्याने ७५८ पौंडांचा ट्यूना धरून जागतिक विक्रम केला, आणि त्याच किनाऱ्यावर एक तीन डोलांचे शिडाचे जहाज विकत घेतले. नाव ठेवले ‘फिशरमन’. १९२५च्या सुरुवातीला ते पनामाचा कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये शिरले. कोकोस बेट, गॅलापागोस, मेक्सिकोचा किनारा. ज्या पाण्यात तोवर कुणी हौशी माणसाने काठी टाकली नव्हती ते पाणी. कोकोसजवळ त्याला शार्कने छळले. गळाला लागलेला मासा वर येईतो त्याचे नुसते डोके उरे. ही खूण लक्षात ठेवायला हवी.

१९२६ साली न्यूझीलंड सरकारच्या निमंत्रणावरून तो तिकडे गेला. उत्तरेकडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये, उरुपुकापुका बेटावर त्याने तंबू ठोकले. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानांच्या काठ्या, रिळे आणि गळ यांना नावे ठेवू नयेत, पण त्याने ती वर्तमानपत्रांतून ठेवली. लोक चिडले, नंतर हळूहळू त्याची पद्धत उचललीही. तिथे त्याने ७०४ पौंडांचा काळा मार्लिन धरला. पण मोसमाचा राजा तो नव्हता. त्याच्याच सोबत, त्याच्याच तंबूत राहणारा कॅप्टन लॉरी मिचेल हा इंग्रज मित्र ९७६ पौंडांचा मार्लिन घेऊन परतला. जगात काठीने धरलेला एवढा मोठा मासा तोवर कुणी पाहिला नव्हता. ग्रेने मित्राचे कौतुक छापून प्रसिद्ध केले. पण ९७६ हा आकडा मनात रुतून बसला असावा. हजाराला चोवीस कमी. म्हणजे हजार पौंडांचा मासा अजून कुणाचा नव्हता.

त्यासाठी तो ताहितीला गेला. १९२८ पासून पुन:पुन्हा. बेटाच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पावर वैराओ येथे त्याने मुक्काम वसवला. झोपड्या, बोटी, तांडेल, स्वयंपाकी, छायाचित्रकार, सगळा लवाजमा. पाऊस, वारे, आजारपणे, आणि आठवडेच्या आठवडे मासा नाही. त्या काळच्या हिशेबाने रोजचा खर्च डोळे फिरवणारा. तिकडे कॅलिफोर्नियात डॉली प्रूफे तपासत होती, मासिकांकडे राहिलेल्या रकमा मागत होती. इकडे ग्रेच्या मुक्कामावर त्याच्या ‘सेक्रेटरी’ म्हणून येणाऱ्या तरुण मैत्रिणी असत. एक गेली की दुसरी. हे डॉलीला ठाऊक होते. तो लपवतही नव्हता. तिने ते सोसले, कधी पत्रांतून रागावली, दुखावली आणि पुन्हा पुढचे हस्तलिखित हातात घेतले. तिला सोडून जाता आले नसते असे नाही. अर्ध्या मिळकतीची ती मालकीण होती. का थांबली, याचे उत्तर चरित्रकार आपापल्या परीने देतात. माझा तर्क विचाराल तर त्या पुस्तकांत निम्मे आपले आहे हे तिला पुरते माहीत होते.

मे १९३० मध्ये तो मासा आला. मोठा, गडद, कुणी कधी पाहिला नव्हता असा मार्लिन. ग्रेचे वय तेव्हा अठ्ठावन्न. खुर्चीला पाय रोवून, पाठीला पट्टे आवळून तो झुंजत राहिला. मासा थकला, बोटीच्या आवाक्यात येऊ लागला, आणि नेमके तेव्हा शार्क आले. नियम असा की मासा धरणाऱ्याने काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही आणि मासा ओढून काढायला घाईही करता येत नाही, कारण दोर तुटेल. म्हणजे आपला मासा आपल्या डोळ्यांसमोर खाल्ला जात असताना खुर्चीत बसून रीळ फिरवत राहायचे. बोटीवरच्या लोकांनी हाती लागेल त्याने शार्कना हाकलले. मासा शेवटी बाजूला आला तेव्हा शेपटीकडचा बराच भाग गेलेला होता.

किनाऱ्यावर वजन केले. उरलेला मासा भरला १,०४० पौंड. म्हणजे ४७० किलोंच्या वर. काठीने धरलेला हजार पौंडांवरचा जगातला पहिला मासा. शार्कने खाल्लेले मांस धरले तर आणखी दोनशे पौंड तरी असते, असा ग्रेचा अंदाज. त्याचा फोटो मी पुष्कळदा पाहिला आहे. वर टांगलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा मासा आणि शेजारी पांढऱ्या केसांचा, सडपातळ ग्रे. कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची त्याला चांगली सवय होती, पण या फोटोत तो जिंकलेल्या माणसासारखा दिसत नाही. त्याचे लक्ष माशाच्या खालच्या नव्हे, वरच्या टोकाकडे, जिथे शेपूट असायची तिकडे असावे असे मला उगीच वाटते.

या माशाची पुढची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना स्थापन झाली आणि विक्रमांचे नियम जगभर एकसारखे झाले. त्यांतला एक नियम असा की बोटीत येण्यापूर्वी शार्कने वा दुसऱ्या कुणी चावा घेतलेला मासा विक्रमाला पात्र नाही. तर्कशुद्ध आहे, अर्धमेल्या, रक्तबंबाळ माशाशी झुंजणे सोपे. पण त्यामुळे ग्रेचा १,०४० पौंडांचा मासा विक्रमांच्या यादीत नाही. तो दंतकथांच्या यादीत गेला.

इथे कुणालाही हेमिंग्वेचा म्हातारा आठवेल. पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने तो मराठीत आणला, म्हणून आपल्याकडे तो घरचाच. अथांग पाणी, आयुष्यातला सर्वांत मोठा मासा, आणि किनाऱ्यापर्यंत पोचेतो शार्कनी केलेला त्याचा सांगाडा. हेमिंग्वेने ही कल्पना ग्रेच्या ताहितीतल्या माशावरून घेतली असे ग्रेचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. क्यूबाच्या एका म्हाताऱ्या कोळ्याची अशी हकिकत हेमिंग्वेने १९३६ सालीच एका मासिकात लिहिली होती आणि ती त्याने तिथल्या किनाऱ्यावर ऐकलेली. शिवाय दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. त्या म्हाताऱ्याला मासा विकून पोट भरायचे होते. ग्रेचे पोट भरलेले होते. त्याला आकडा हवा होता, आणि तोच अर्धवट मिळाला.

त्यानंतरचा काळ उताराचा. अमेरिकेत मंदी आलेली. मासिकांचे दर पडले, पुस्तकांचा खप घसरला. आणि नेमक्या या मुहूर्तावर ग्रेने दुसरे, पहिल्याहून मोठे जहाज घेतले. त्याच्या डागडुजीवर अतोनात पैसा गेला. १९३१ साली जगप्रदक्षिणेला म्हणून निघालेली ही सफर पॅसिफिकमध्येच आटपली. डॉली कर, कर्ज आणि घराचे हप्ते यांची तोंडमिळवणी करत होती आणि समुद्रावरून तारा येत होत्या, पैसे पाठव. १९३४ साली भाऊ रोमर वारला. डेलावेअर नदीपासून न्यूझीलंडपर्यंत जवळजवळ प्रत्येक वाटेवर सोबत असलेला माणूस गेला.

तरी १९३६ साली ग्रे ऑस्ट्रेलियात उतरलाच. बर्मागुई नावाच्या लहानशा बंदरात त्याने तंबू ठोकले आणि त्याला बघायला माणसांची रीघ लागली. त्या किनाऱ्यावर मोठ्या माशांची हौशी मासेमारी खऱ्या अर्थाने रुजली ती त्याच्या या मुक्कामानंतर. आता तो शार्कच्या मागे होता. सिडनी बंदराच्या तोंडाशी, शहराच्या दिव्यांच्या टप्प्यात, त्याने १,०३६ पौंडांचा टायगर शार्क धरला. ताहितीच्या माशाहून चारच पौंड कमी. ‘व्हाइट डेथ’ या त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटात, शार्कशी लढणारा झेन ग्रे या भूमिकेत, त्याने स्वतः कामही केले. चित्रपट विसरला गेला ते बरे झाले.

१९३७ साली ओरेगॉनमध्ये नॉर्थ अम्क्वा नदीवर मासे धरत असताना त्याला अर्धांगाचा झटका आला. समुद्र नव्हे, नदी. लहानपणी होती तशी, काठाकाठाने चालत गळ टाकायची. तो बराचसा सावरला, पुन्हा लिहू लागला, पुढच्या सफरींचे बेतही करू लागला. २३ ऑक्टोबर १९३९ रोजी अल्टाडीना येथील घरी हृदयविकाराने तो गेला. सदुसष्ट वर्षांचा होता. त्याच्या माशाला अपात्र ठरवणारी संघटना स्थापन होऊन साडेचार महिने झाले होते.

पुस्तके मात्र थांबली नाहीत. हस्तलिखितांचा एवढा साठा शिल्लक होता की हार्पर दरवर्षी एखादे ‘नवे’ झेन ग्रे काढत राहिले, ते १९६३ सालापर्यंत. वाचकांतल्या पुष्कळांना लेखक हयात नाही याचा पत्ताही नसेल. तो साठा जपणे, करार करणे हे काम डॉली १९५७ साली स्वतः जाईपर्यंत करत होती.

अॅव्हलॉनच्या टेकडीवरच्या घराचे पुढे हॉटेल झाले. ताहितीच्या मुक्कामावरच्या झोपड्या केव्हाच गेल्या. मला वाटले होते की या माणसाची रक्षा पॅसिफिकमध्ये सोडली असेल. त्याच्या पुस्तकांवरून तसाच समज होतो. पण ती पेनसिल्व्हेनियात, लॅकवॅक्सनच्या जुन्या दफनभूमीत आहे, शेजारी डॉलीची. तिथून डेलावेअर नदी हाकेच्या अंतरावर वाहते. तिच्या काठी त्यांच्या जुन्या घरात आता संग्रहालय आहे.